पेचकस : गेम अडखळतो, पण नेमका कधी?

प्रश्न : ताई, माझा गेमिंग पीसी घेऊन आठ महिने झालेत. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० कार्ड, १६ जीबी रॅम. आजोबांनी एफडी मोडून पैसे दिले, त्यामुळे घरात त्या डब्यावर सगळ्यांचा डोळा असतो. मोठ्या नकाशाचा कुठलाही गेम लावला, की गाडी पळवताना दर थोड्या वेळाने हिसका बसतो. चित्र क्षणभर थिजतं आणि मग एकदम पुढे उडी मारतं. कोपऱ्यातला एफपीएस मात्र ९०, १००, ११०! विंडोज दोनदा नव्याने टाकलं, ड्रायव्हर तीनदा. दुकानदार म्हणतो, ‘कार्ड छोटा पड़ रहा है भिया, सोलह जीबी वाला डलवा लो.’ बाबा म्हणतात, आता एक रुपया मिळणार नाही. खरंच कार्ड बदलावं लागेल का?
— एक विद्यार्थी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नाही लागणार, आणि हे तुला आता माहीतच आहे. पत्र टाकल्यावर आठवड्याच्या आत तू ॲक्टिव्हाच्या पायदानावर कॅबिनेट उभं करून माझ्याकडे आलास. (पुढच्या वेळी आडवं निजवून आण. कॅबिनेट उभं असलं की कार्ड खाचेतून आडवं लटकत असतं, आणि आपल्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा त्या खाचेला कळतो.) तरी उत्तर इथे लिहिते आहे, कारण याच दुखण्याची पाच-सहा पत्रं टेबलावर पडून आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी नवं कार्ड घ्यायला सांगितलंय.

आधी त्या कोपऱ्यातल्या आकड्याची भानगड. एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं पडली याची मोजदाद. किती पडली एवढंच तो सांगतो, कशी पडली ते सांगत नाही. समज, एका सेकंदात एकच फ्रेम, म्हणजे एकच चित्र, १८० मिलिसेकंद अडून बसली आणि उरलेल्या ८२० मिलिसेकंदांत बाकीच्या फ्रेम नऊ-नऊ मिलिसेकंदांनी निघाल्या. नऊने भाग : ९१. वर ती अडलेली एक. कोपऱ्यात ९२ दिसणार, आणि ९२ म्हटल्यावर तक्रार करायला तोंडच उरत नाही. पण डोळ्याला बोचते ती त्या सेकंदातली एकच फ्रेम. गेमच्या चाचण्या घेणारे जाणकारसुद्धा बरीच वर्षं सरासरीवरच चालले होते. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या अमेरिकी परीक्षकाने सेकंदाच्या आत शिरून एकेका फ्रेमला लागलेला वेळ मांडून दाखवला, आणि पुढे ती पद्धत रुळली.

आमचे आबा रेडिओ दुरुस्त करायचे. ज्या टेबलावर मी आज पीसी उघडते, ते त्यांचंच. दुरुस्त झालेला सेट दुपारभर लावून ठेवायचे, पुन्हा बिघडतो का बघायला. आणि आमच्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचं गाणं लागलं की हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवून द्यायचे. खाँसाहेबांचा झूमरा ताल इतका सावकाश, की चौदा मात्रा संपेपर्यंत चहा निवावा. पण सम यायची ती जागच्या जागी. ३० एफपीएसवर एकसारखा चालणारा गेम तसा असतो : विलंबित, पण तालात. ११० वर हिसके देणारा गेम म्हणजे द्रुत लयीतला बेताल. हे मी तुला समजावलं तेव्हा तू विचारलंस, ‘आमिर खान गातो पण?’ असो.

मग आपण आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं रिव्हाट्यूनर लावलं आणि पडद्यावर फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख काढला. तो कपडे वाळत घालायच्या ताणलेल्या दोरीसारखा दिसायला हवा. तुझ्या दोरीला मधूनमधून बांबू टेकवल्यासारखे उंचवटे येत होते, प्रत्येक हिसक्याला एक. म्हणजे भास नव्हता. कार्डाचं तापमान ७० च्या आत, प्रोसेसरही निवांत. कार्डाची मेमरी बघितली : आठातली साडेसहा जीबी वापरात. दुकानदाराचं ‘छोटा पड़ रहा है’ तिथेच निकालात निघालं.

त्यानंतर मी जे केलं ते कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. छताचा पंखा बंद केला, गेमचा आवाज शून्यावर नेला, कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून कान जवळ नेला आणि म्हटलं, चालव गाडी. पूल ओलांडून तू नव्या वस्तीत शिरलास आणि आतून आवाज आला, कर्रर्र टक. त्याच क्षणी तू म्हणालास, ‘ये देखो, अटका.’ पुढचा चौक. कर्रर्र टक. ‘फिर अटका.’ आबा सेटच्या पाठीला कान लावून सांगायचे, खरखर कंडेन्सरची आहे की व्हॉल्व्हच्या सैल पायाची. मला कंडेन्सरचं फारसं कळत नाही, पण हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

‘आत हार्ड डिस्क आहे का रे?’
‘हो ना. जुन्या पीसीची, एक टीबी. एसएसडी २५६चीच आहे, ती विंडोज आणि कॉलेजच्या सॉफ्टवेअरने भरली. म्हणून गेम सगळे तिच्यावर टाकलेत.’

पत्रात प्रोसेसर होता, कार्ड होतं, रॅम होती. डिस्कचं नावही नव्हतं. कुणीच लिहीत नाही. जसं डॉक्टरकडे गेल्यावर माणूस बीपीची गोळी सांगतो आणि रोज रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत काय खातो ते सांगत नाही.

त्या डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी ते टोक योग्य रेघेवर सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. एक तुकडा उचलायला असे पंधरा-सोळा मिलिसेकंद. आता हे बघ, ६० एफपीएसवर एका आख्ख्या फ्रेमची मुदतच १६.७ मिलिसेकंद असते. नवी वस्ती आली की गेमला घरांचे रंग, रस्त्याचा पोत, माणसांचे कपडे असे दहा-वीस तुकडे एकदम हवे असतात आणि ते डिस्कवर चार दिशांना पडलेले असतात. कार्ड आणि प्रोसेसर ताट मांडून बसलेले, आणि वाढपी अजून भटारखान्यातच! एसएसडी म्हणजे नुसत्या चिपांची डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे एक तुकडा मिलिसेकंदाच्या एका लहानशा हिश्श्यात हाती येतो. तू विंडोज दोनदा टाकलंस ते एसएसडीवर. गेम मात्र दोन्ही वेळा जुन्याच जागी राहिला, म्हणून हिसकाही राहिला.

खात्री करायला खर्च नव्हता. तुझ्या डाउनलोड्समधले नव्वद जीबी काढले (त्यात एकच सिनेमा तीन वेळा होता), आणि स्टीम या गेम विकणाऱ्या-चालवणाऱ्या ॲपच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून एक गेम एसएसडीवर हलवला. अर्धा तास लागला, तेवढ्यात तुझ्या आईने दिलेल्या डब्यातले पोहे संपले. मग तोच पूल, तीच वस्ती. दोरी सरळ.

अगदी सरळ नाही म्हणा. पहिला स्फोट झाला तेव्हा एक बारीक उंचवटा आला, आणि तू माझ्याकडे बघितलंस. दुसऱ्या स्फोटाला आला नाही. ही निराळी गोष्ट. धूर, पाणी, काच यांचे देखावे रंगवायच्या ज्या सूचना असतात, त्यांना शेडर म्हणतात. त्या तुझ्या नेमक्या कार्डासाठी आणि ड्रायव्हरसाठी तिथल्या तिथे तयार कराव्या लागतात. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या गेम आणि कार्ड यांच्यातल्या नव्या दुभाष्यांवर चालणाऱ्या गेममध्ये हे काम आधी उरकून घ्यायची जबाबदारी बरीचशी गेम बनवणाऱ्यांवर आली. ज्यांनी ते केलं नाही, त्यांचा गेम पहिल्या वेळी अडतो. एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर साठवला जातो, म्हणून दुसऱ्यांदा अडत नाही. ड्रायव्हर बदलला की तो साठा बहुधा मोडीत निघतो. म्हणजे तू तीन वेळा ड्रायव्हर टाकून दर वेळी स्वतःच्या हाताने हे हिसके परत आणलेस. गेम सुरू होताना ‘शेडर तयार होत आहेत’ अशी पट्टी सरकत असेल तर ती पूर्ण होऊ दे. कंटाळून बटण दाबणारे पुढे तासभर त्याचं व्याज भरतात.

आणखी एक गोष्ट दिसली ती सांगून टाकते. १६ जीबीची रॅम दुकानदाराने एकाच पट्टीत दिली आहे. रायझेनला दोन वाटांनी रॅम लागते. एकच पट्टी म्हणजे दुपदरी रस्त्याचा एक पदर बंद. सरासरी एफपीएस थोडाच घसरतो, पण सगळ्यात मंद फ्रेम आणखी मंद होतात. पुढे पैसे आले की त्याच जातीची दुसरी पट्टी घे आणि प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन्ही बसव. पण त्याआधी मोठी एसएसडी. आजोबांना हेही सांग, की जुनी डिस्क फेकायची नाही. फोटो आणि सिनेमांना ती उत्तम आहे.

बाकीच्या पत्रलेखकांना मी कॅबिनेट घेऊन बोलावणार नाही, माझ्या जिन्याची रुंदी तेवढी नाही. त्याऐवजी एक करा. संध्याकाळभर खेळा आणि प्रत्येक हिसक्याला कागदावर लिहा : खेळायला लागून किती वेळ झाला, तेव्हा काय चाललं होतं, आवाजही तुटला का. कागद बराचसा निदान करून देतो. नव्या जागेत शिरताना आला तर डिस्क. नवं काही पहिल्यांदा दिसताना आला आणि पुन्हा नाही, तर शेडर. वीस-पंचवीस मिनिटं सगळं ठीक आणि मग उतरंड लागली, तर उष्णता. त्याबद्दल खाली ग्वाल्हेरच्या काकांना लिहिलंय. एकाच ठिकाणी उभं राहून नुसता माउस गरगर फिरवला तरी येतो, मग तुमचा माउस सेकंदाला किती वेळा निरोप पाठवतोय ते बघा. हल्ली ८००० हर्ट्झचे माउस मिळतात आणि जुना प्रोसेसर त्या निरोपांनीच घामाघूम होतो. १००० वर आणा. घड्याळ लावल्यासारखा ठरावीक अंतराने येत असेल तर मागे काहीतरी नेमाने जागं होतंय : अँटिव्हायरस, दिव्यांचे रंग बदलणारं सॉफ्टवेअर, आणि गंमत म्हणजे कधी कधी तापमान मोजायला लावलेलं सॉफ्टवेअरच. मोजायचं झालं की ते बंद करा.

एक प्रकार फसवा आहे. दिवसातून एखाद-दोन वेळाच होतो, गेम नसतानाही होतो, माउससकट सगळं सेकंद-दोन सेकंद अडतं आणि आवाज फाटल्यासारखा होतो. रायझेनवर असं होत असेल तर बायॉसची, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरची, तारीख बघा. प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या भागाला, एफटीपीएमला, मदरबोर्डवरच्या चिपमधून वाचा-लिहायला कधी कधी वेळ लागतो आणि तोवर सगळं थांबतं. हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलं आणि मे २०२२ पासून सुधारलेले बायॉस यायला लागले. त्याआधीचा बायॉस असेल तर नवा टाका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर हिसका जाईल आणि सोबत तुमच्या फायलीही कुलपात जातील.

कार्डाची मेमरी खरोखर अपुरी पडते अशीही पीडित मंडळी आहेत. चार जीबीच्या कार्डांवर तर सर्रास. ती भरली की उरलेलं सामान साध्या रॅममध्ये ठेवावं लागतं आणि तिथून ये-जा करताना हिसके बसतात. तेव्हाही आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये टेक्स्चरची (पोताच्या बारकाव्याची) पायरी एकाने खाली आणा. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ‘अल्ट्रा’ आणि ‘हाय’ यातला फरक दाखवून पैज जिंकणारा मला अजून भेटायचाय.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा निवृत्त माणूस. नातू बंगळुरूला गेला आणि त्याचा गेमिंग संगणक माझ्या गळ्यात पडला. त्यावर मी विमान उडवायला शिकलो. तुम्ही हसाल, पण आभाळात विमान झकास चालतं आणि मुंबईला उतरायच्या वेळी, धावपट्टी दिसायला लागली की हिसके द्यायला लागतं. दोनदा समुद्रात गेलो. शिवाय मे महिन्यात अर्ध्या तासाने आभाळातही हिसके. खोलीत कूलर आहे; संगणक त्याच्या झोतात ठेवला तर फायदा होईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : काका, हसत नाही, तुमचं पत्र वाचून माझ्या सासऱ्यांना काहीतरी शिकवावं असं मनात आलं.

तुमची दुखणी दोन आहेत. धावपट्टीचं आधी. वर आभाळात संगणकाला ढग आणि दूरची जमीन एवढंच रंगवायचं असतं. खाली मुंबई आली की इमारती, गाड्या, विमानतळावरची दुसरी विमानं, सगळ्यांचा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो, आणि त्यातला मोठा भाग एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच कामगारावर, चालतो. टास्क मॅनेजर ‘३० टक्के’ दाखवून तुमची समजूत काढेल, पण ती सगळ्या कोअरची सरासरी. एकजण राबतोय आणि बाकीचे पान लावून बसलेत. पडताळा सोपा आहे : रिझोल्यूशन कमी करून उतरून बघा. हिसके तेवढेच राहिले तर कार्ड निर्दोष. मग सेटिंग्जमध्ये इतर विमानांची वर्दळ आणि जमिनीच्या तपशिलाची पातळी खाली आणा आणि फ्रेमची कमाल ३० वर बांधून टाका. विमानाला ३० पुरतात. गोळ्या चुकवायच्या नाहीत, उतरायचंच आहे.

आता मे महिना. संगणकाच्या आत प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त उष्णता हवेत टाकतो. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर राहत असेल, तर ४५ अंशांच्या खोलीत तो ९५ च्या आसपास जाणार. मधलं पन्नासचं अंतर तसंच राहतं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग कापतो, थोडा निवला की वाढवतो, पुन्हा कापतो. तुमच्या आभाळातले हिसके म्हणजे ही कापाकापी. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर ‘येस’ दिसलं की शंका उरत नाही.

खोलीतल्या कूलरच्या झोतात मात्र संगणक ठेवू नका. नुसत्या दमट हवेने लगेच काही होत नाही, पण आपल्याकडच्या कूलरच्या ताट्या ओल्या झाल्या की हवेबरोबर बारीक शिंतोडेही येतात आणि त्या पाण्यात क्षार असतात. बादलीच्या कडेला बसतो तोच पांढरा थर मदरबोर्डवर बसेल. संगणक झोताच्या बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी राहू द्या. टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आधी तो बाहेर काढा.

मग सफाई. लू सुटली की ग्वाल्हेरची धूळ कुठे कुठे शिरते ते तुम्हाला मी काय सांगू. प्लग काढून, अंगणात नेऊन, ब्लोअरने झाडा. पण झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. संगणक चार वर्षांहून जुना असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल, ती बदलून घ्या. हे जवळच्या दुकानात करून घेतलंत तर समोर उभे राहा. माझ्याकडे एकदा एक नवाकोरा पीसी आला होता, पहिल्या दिवसापासून तापणारा. प्रोसेसरवरचा कूलर उपसला तर तळाला ‘लावण्यापूर्वी काढा’ असं लिहिलेली प्लॅस्टिकची चकती तशीच चिकटलेली.

प्रश्न : व्हॅलोरंट हा नेटवरचा गोळीबाराचा गेम दुपारी लोण्यासारखा चालतो. रात्री नऊनंतर समोरचा खेळाडू इथे दिसतो आणि गोळी मारेपर्यंत तिथे. एसएसडी आहे, रॅम दोन पट्ट्यांत आहे, ड्रायव्हर नवा आहे. आणखी काय घेऊ?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : काही घेऊ नकोस. तू स्वतः वळतोस तेव्हा चित्र सरळ फिरतं ना? आणि फक्त दुसरे खेळाडू उड्या मारतात? मग हे नेटचं दुखणं, पीसीला हात लावायचा नाही. रात्री नऊलाच सरावाच्या मैदानात एकटा खेळून बघ, गुळगुळीत चालेल. आधी वायफाय सोडून राउटरपासून लॅनची तार ओढ. दांडिया बाजारात भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येकाचा राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झवर ओरडतोय. तारेनंतरही होत असेल तर दोन खिडक्यांत पिंग लाव (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते ही आज्ञा मोजते), एक राउटरला, एक बाहेर. राउटरचा आकडा एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर आणि बाहेरचा नाचतोय, तर गर्दी नेट पुरवणाऱ्याकडे आहे. त्या आकड्यांचा फोटो काढून तक्रार कर, ‘नेट स्लो है’ एवढ्यावर कुणी हलत नाही. बाहेरचा आकडा घरात कुणी व्हिडिओ चढवायला लागल्यावरच नाचत असेल, तर गुन्हेगार जेवणाच्या टेबलावर सापडेल.

चूकदुरुस्ती

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की रॅमच्या पट्टीवर वेग ३२०० छापलेला असूनही टास्क मॅनेजर २१३३ किंवा २६६६ दाखवत असेल, तर बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी ‘बिनधास्त’ चालू करा. देवासच्या एका वाचकाने ते केलं आणि त्यांचा पीसी दिवसातून चार वेळा निळा पडायला लागला. ‘तुमचा बिनधास्त परत घ्या,’ असं त्यांनी लिहिलंय. घेतला.

त्यांच्याकडे चार पट्ट्या आहेत, दोन एका खरेदीतल्या, दोन नंतरच्या. मी हे विचारायला हवं होतं. एक्सएमपी म्हणजे पट्टी बनवणाऱ्याने दिलेली वेगाची हमी, प्रोसेसर बनवणाऱ्याची नव्हे. रायझेन ५०००च्या मालिकेत दोन पट्ट्यांना ३२०० चालतं, पण चारही खाचा भरल्या की कंपनीची स्वतःची हमी २९३३ किंवा पट्टीच्या प्रकाराप्रमाणे त्याच्याही खाली येते. अशांनी एक्सएमपी चालू ठेवून वेग हाताने एक पायरी उतरवावा आणि मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर एक रात्र चालवावं. एकही चूक दाखवली तर आणखी एक पायरी खाली. याकडे दुर्लक्ष करू नका. डगमगणारी रॅम नुसता गेम पाडत नाही, फायली लिहिताना अक्षरं बदलते, आणि ते महिन्याभराने कळतं. पीसी सुरूच होईनासा झाला तर प्लग काढून मदरबोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, बायॉस मूळपदावर येतो. दोन पट्ट्या असतील, तर मागच्या अंकातलं सगळं खरं आहे. बिनधास्त सोडून.

थोडक्यात

आमच्याकडे लाइट वर-खाली होते, त्याने गेम अडखळतो असं सगळे म्हणतात. स्टॅबिलायझर घेऊ का? — गेमसाठी नको. बरे पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत कामं करतात. दाब त्याच्याही खाली गेला तर पीसी बंद पडेल नाहीतर रीस्टार्ट होईल, अडखळणार नाही. यूपीएस घ्यायचा तर फायलींसाठी घ्या.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, तरी जुन्या ६०च्या मॉनिटरसारखाच वाटतो. — विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चा १४४ करा. कुणीच करत नाही. तिथे १४४ दिसतच नसेल तर तार बघा, डिस्प्लेपोर्टची लावा. आणि तार कार्डाला लावलीय की वर मदरबोर्डला, तेही बघा. लाजू नका, याच महिन्यात माझ्याकडे असे दोन येऊन गेले, त्यातला एक संगणक शिकवतो.

‘गेम बूस्टर’ नावाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? — नको. फुकट टाकलेलं असेल तर तेही काढा.